सायलेन्सरचे रबर आणि दुरुस्तीचा अलिखित इतिहास

मोटारीच्या पोटाखालून इंजिनापासून मागच्या बंपरपर्यंत एक लोखंडी नळी जाते. इंजिनात जळलेला वायू तिच्यातून बाहेर पडतो आणि वाटेतला सायलेन्सर त्याचा आवाज कमी करतो. पुढच्या टोकाला ही नळी इंजिनाला बोल्टांनी घट्ट जोडलेली असते. बाकीची लांबी मात्र गाडीच्या तळाला रबराच्या दोन-तीन पट्ट्यांनी टांगलेली असते. पुस्तकात या पट्टीला हँगर म्हणतात, आपल्या गॅरेजांत ‘सायलेन्सरचे रबर’ म्हटले की काम भागते. ही वस्तू तळहातावर मावते आणि ती तुटेपर्यंत आपल्या गाडीत असे काही आहे याची मालकाला कल्पना नसते. तुटली की प्रत्येक खड्ड्यागणिक तळातून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज येऊ लागतो.

माझ्या जुन्या प्रीमियर पद्मिनीचे हे रबर तुटले आणि ते स्वतःच बदलावे असे मी ठरवले. काम तासाभराचे होते. परंतु त्या निमित्ताने जे वाचले आणि नंतर एका मिस्त्रीकडून जे ऐकले, त्यातून एक प्रश्न उभा राहिला. आपल्या भाषेत वस्तू घडवण्याचा इतिहास थोडाफार लिहिला गेला आहे. वस्तू दुरुस्त करण्याचा इतिहास कोणी लिहिला आहे काय? आणि लिहिला नसेल, तर तो का लिहिला गेला नाही? साहित्याच्या विद्यार्थ्याला या प्रश्नाशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. उत्तर पुढे देण्याचा प्रयत्न करतो.

प्रथम रबराविषयी. नळी टांगायला रबरच का, लोखंडी पट्टी का नाही? याची कारणे दोन. चालू इंजिन आपल्या बैठकीवर सतत डुलत असते आणि त्याला जखडलेली नळीही त्याच्याबरोबर हलते. दुसरे कारण उष्णतेचे. दोन मीटर लांबीची पोलादी नळी दोनशे अंशांनी तापली तर सुमारे पाच मिलिमीटरने वाढते. अशी हलणारी आणि वाढणारी नळी दोन्ही टोकांना पक्की बांधली, तर कुठेतरी तडा जाणारच. म्हणून एक टोक पक्के आणि बाकीचे सैल अशी योजना असते. रबर ताणले जाते, हादरे पोटात घेते आणि ते वरच्या पत्र्यापर्यंत पोहोचू देत नाही. हे करता करता उष्णतेने, हवेतल्या ओझोनने, तेलाच्या थेंबांनी ते म्हातारे होते, ताणाच्या आडव्या दिशेने त्याला बारीक चिरा पडतात आणि एक दिवस ते तुटते.

या तळहाताएवढ्या वस्तूमागे बरेच मोठे जग आहे. चार्ल्स गुडइयरने १८३९ साली गंधक आणि उष्णता यांच्या साहाय्याने रबर टिकाऊ करण्याची युक्ती शोधली. १८७६ मध्ये हेन्री विकमने ब्राझीलमधून रबराच्या झाडाच्या सुमारे सत्तर हजार बिया लंडनच्या क्यू उद्यानात नेल्या. त्यांतून उगवलेल्या रोपांपासून सिलोन आणि मलायातले मळे उभे राहिले. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी केरळातही रबराची लागवड सुरू झाली. त्याच काळात राजा लिओपोल्डच्या काँगोमध्ये रबर गोळा करून घेण्यासाठी माणसांवर जे अत्याचार झाले, त्यांचा अहवाल रॉजर केसमेंटने १९०४ मध्ये जगापुढे ठेवला. वस्तू घडवण्याच्या इतिहासाची ही पाने उपलब्ध आहेत, त्यांवर ग्रंथ आहेत. रबर कोठून आले हे आपण वाचू शकतो. तुटल्यावर ते कोणी कसे बदलले, हे वाचायला जावे तर पाने कमी पडू लागतात.

आता गाडीविषयी. मूळचे सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि कंपनीचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला उभा राहिला. तत्पूर्वी मुंबईत मोटारींची जुळणी होत नव्हती असे नाही. जनरल मोटर्सने १९२८ मध्येच शिवडीला ते काम सुरू केले होते. स्वातंत्र्यानंतर मात्र सरकारने धोरण बदलले. परदेशी भाग आणून नुसती जुळणी करणाऱ्यांना जागा उरली नाही, आणि देशातच टप्प्याटप्प्याने भाग तयार करू पाहणाऱ्या मोजक्या कंपन्या टिकल्या. प्रीमियर त्यांपैकी एक. इटलीच्या फियाटशी करार करून तिने आधी छोटी ५०० आणि १९५४ पासून ११०० ही गाडी काढली. हीच गाडी किरकोळ बदलांनिशी कधी ‘सिलेक्ट’, कधी ‘डिलाइट’, १९७२ मध्ये ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावांनी विकली गेली. पद्मिनी हे नाव चितोडच्या राणीवरून घेतल्याचे सांगतात. जायसीने १५४० च्या सुमारास अवधीत जी कथा काव्यबद्ध केली, तिच्या नायिकेचे नाव १०८९ सीसीच्या इंजिनाला मिळाले, हा योगायोग साहित्याच्या वर्गात सांगण्याजोगा आहे.

परवान्यांच्या त्या राज्यात गाडीसाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. ग्राहकाला निवड नव्हती, कारखान्याला स्पर्धा नव्हती आणि पन्नाशीच्या दशकातली रचना शतकाच्या अखेरपर्यंत रस्त्यावर राहिली. अर्थशास्त्रज्ञ या साचलेपणावर टीका करतात आणि ती रास्तच आहे. परंतु या साचलेपणाचा एक अनपेक्षित परिणाम झाला, त्याची नोंद सहसा होत नाही. तीच रचना दोन-तीन पिढ्या टिकल्यामुळे तिच्या दुरुस्तीचे ज्ञानही दोन-तीन पिढ्या साठत गेले. बापाने ज्या इंजिनावर हात काळे केले त्याच इंजिनावर मुलाने केले. मुंबईतल्या हजारो काळ्या-पिवळ्या टॅक्सी याच गाडीच्या होत्या. गाडी बंद म्हणजे त्या दिवसाची कमाई बंद, या धाकाखाली ते ज्ञान रोज कसोटीला लागत असे. कुर्ल्यातच, कारखान्यापासून फार लांब नसलेल्या सी.एस.टी. रोडवर, जुन्या सुट्या भागांचा बाजार वाढला. गाडी जिथे जन्मली त्याच उपनगरात तिचे अवयव सुटे होऊन पुन्हा दुसऱ्या गाड्यांत जात राहिले.

आता पुस्तकांविषयी. इंग्रजीत दुरुस्तीचे एक स्वतंत्र वाङ्मय आहे. इंग्लंडमध्ये जॉन हेन्स नावाच्या मुलाने शाळेत असतानाच, १९५६ मध्ये, ऑस्टिन सेव्हन या गाडीवर एक पुस्तिका लिहून विकली. पुढे हवाई दलात एडनला असताना मित्राची जुनी स्प्राइट गाडी सुटी करून जोडताना त्याने प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे काढली आणि त्यातून १९६६ मध्ये पहिली ‘हेन्स मॅन्युअल’ निघाली. या पुस्तकांची पद्धत अशी की लेखकाने ती गाडी खरोखर सुटी करायची, पुन्हा जोडायची आणि मग लिहायचे. १९६९ मध्ये अमेरिकेत जॉन म्यूर या इंजिनिअराने फोक्सवॅगन जिवंत कशी ठेवावी याचे एक पुस्तक काढले, आणि ते ‘पूर्ण मूर्खांसाठी’ असल्याचे उपशीर्षकातच जाहीर केले. वाचकाला काहीच येत नाही हे गृहीत धरून, पण त्याचा अपमान न करता, त्याच्या हातात पाना देणारे ते गद्य आहे. १९७४ मध्ये रॉबर्ट पिरसिगचे ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटरसायकल मेन्टेनन्स’ आले. तरुणपणी बनारस हिंदू विद्यापीठात भारतीय तत्त्वज्ञान शिकून गेलेल्या या लेखकाने दुरुस्तीला थेट तत्त्वचिंतनाच्या पातळीवर नेऊन बसवले.

पिरसिगच्या पुस्तकातला एक प्रसंग इथे उपयोगी आहे. निवेदकाच्या मित्राच्या महागड्या बीएमडब्ल्यूचे हँडल सैल झालेले असते. बिअरच्या रिकाम्या डब्याचा पातळ पत्रा कापून फटीत सारला की काम होईल, असे निवेदक सुचवतो. मित्र दुखावला जातो. आपल्या गाडीला डब्याचा पत्रा ही कल्पनाच त्याला सहन होत नाही. पुढच्या अनेक पानांचे चिंतन या पत्र्यापासून सुरू होते. मुंबईच्या गॅरेजात हाच प्रसंग घडला असता तर कोणी दुखावले नसते आणि कोणी चिंतनही केले नसते. मिस्त्रीने पत्रा कापला असता, सारला असता आणि पुढच्या गाडीकडे वळला असता. जी कृती तिथे तत्त्वज्ञानाची सामग्री ठरते, ती इथे दिवसातल्या वीस कामांपैकी एक असते. कृती एकच, पण ती कोण करतो आणि कोण लिहितो यावरून तिची किंमत बदलते.

असो. आता प्रत्यक्ष कामाकडे वळतो, कारण दुरुस्तीवर लिहिताना दुरुस्तीच वगळणे हा आपल्या टीकालेखनाचा जुना दोष आहे. आदल्या रात्री गंजलेल्या बोल्टांवर तेल सोडून ठेवले. गंजका बोल्ट कोरडाच फिरवला तर त्याची मान मोडते आणि तासाचे काम दिवसाचे होते. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना, सपाट जागी, गाडी गिअरमध्ये ठेवून पुढच्या चाकांना विटा लावल्या. मागची बाजू जॅकने उचलली आणि लगेच लोखंडी घोडीवर टेकवली. नुसत्या जॅकवर उभ्या केलेल्या गाडीखाली कोणी जाऊ नये. सायलेन्सरखाली लाकडी ठोकळा दिला. रबर सोडवताच सगळे वजन पुढच्या जोडावर येऊ नये म्हणून हा आधार लागतो. मग बोल्ट सोडून जुने रबर काढले. ते दगडासारखे कडक झाले होते आणि त्याच्या चिरांत बोटाचे नख जात होते. नवे रबर बसवताना ते सरकावे म्हणून साबणाचे पाणी लावले. तेल लावू नये, तेलाने रबर फुगते. तुटले एकच होते, पण दोन्ही बदलली, कारण जुने आणि नवे यांच्यात वजनाची वाटणी सारखी होत नाही. शेवटी नळी हाताने हलवून ती कुठे पत्र्याला टेकत नाही ना हे पाहिले, गाडी खाली घेतली आणि इंजिन सुरू करून जोडांतून फुसफुस ऐकू येते का ते ऐकले. नळी फुटली असेल तर कार्बन मोनॉक्साइड आत शिरू शकतो, म्हणून ही शेवटची पायरी टाळता येत नाही.

काम पुस्तकात सांगितल्याप्रमाणे झाले. मला त्याचा अभिमानही वाटला. तीन महिन्यांनी तेच रबर पुन्हा तुटले.

या वेळी मी गाडी एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे नेली. आयुष्यभर टॅक्सींवर काम केलेले हे गृहस्थ रत्नागिरीकडचे. गॅरेजात सगळे त्यांना चाचा म्हणतात. मी तुटलेले रबर दाखवले आणि गाडीखाली वाकलो. चाचा वाकले नाहीत.

“साहेब, खाली काय बघताय? बोनेट उघडा आणि गाडी चालू करा,” ते म्हणाले.

मी इंजिन सुरू केले. त्यांनी एकदा वेग वाढवायला आणि एकदम सोडायला सांगितले. इंजिन एका अंगाला चांगलेच झुकले आणि परत आले.

“माउंटिंग बसलंय. इंजिन एवढं हलतंय, ते नळीला धरून ओढतंय. रबर बिचारं किती दिवस टिकणार? उद्या तिसरं लावाल, तेही तुटेल.”

इंजिन ज्या रबरी बैठकीवर टेकलेले असते ती एका बाजूने दबून गेली होती. मागे तुटणारा हँगर हे पुढच्या दोषाचे केवळ लक्षण होते. मी वापरलेल्या पुस्तकाने रबर कसे बदलावे हे बिनचूक सांगितले होते. ते का तुटले असावे, हा प्रश्न मी पुस्तकाला विचारलाच नव्हता, आणि कोणत्या पानावर विचारावा हेही मला कळले नसते. पुस्तक भागांप्रमाणे रचलेले असते: इंजिन एका प्रकरणात, एक्झॉस्ट दुसऱ्या. चाचांच्या डोक्यात गाडी तक्रारींप्रमाणे रचलेली आहे. आवाज इथून येतो तेव्हा दोष तिथे पाहायचा, अशा शेकडो जोड्या त्यांच्याजवळ आहेत, आणि त्यांपैकी एकही कागदावर नाही.

हे ज्ञान कागदावर का आले नाही? मिस्त्रींना लिहिता येत नव्हते, हे सोपे उत्तर अपुरे आहे. आपल्याकडे हाताने काम करणारा आणि लेखणी चालवणारा यांची फारकत मोटारीच्या फार आधीची आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ मध्ये ‘गावगाडा’ लिहिला, त्यात सुतार, लोहार आदी बलुतेदारांची कामे, हक्क आणि अडचणी तपशिलाने आल्या आहेत. पण तो ग्रंथही बाहेरून, एका शिक्षित अधिकाऱ्याच्या नजरेतून लिहिलेला आहे. नांगराचा फाळ शेवटताना लोहार काय पाहतो, कोणत्या रंगावर लोखंड विस्तवातून काढतो, हे लोहाराच्या तोंडून आपल्यापर्यंत आलेले नाही. नारायण सुर्वे यांच्या ‘माझे विद्यापीठ’ने १९६६ मध्ये कामगाराला मराठी कवितेच्या मध्यभागी आणून बसवले, आणि तो मोठाच बदल होता. त्या कवितेने कामगाराचे दुःख, संताप, आशा यांना शब्द दिले. त्याचे कसब, म्हणजे त्याला जे येते आणि आपल्याला येत नाही ते, मात्र साहित्याचा विषय क्वचितच झाले. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत मोटर मेकॅनिकचा अभ्यासक्रम आहे, त्याची पाठ्यपुस्तके आहेत. पण पाठ्यपुस्तकाचा ओघ वरून खाली असतो. गॅरेजातून वर जाणारी वाट त्यात नाही.

इथे एक सावधगिरी हवी. या अलिखित परंपरेचे गोडवे गाताना तिची किंमत विसरू नये. वस्तादाच्या हाताखाली पाने पुसत शिकलेला मुलगा बहुतेक वेळा शाळेत असायच्या वयाचा होता. मोटार गॅरेजे बालकामगारविषयक कायद्याच्या धोकादायक कामांच्या यादीत गेली ती काही कारणाशिवाय नाही. माझ्यासाठी रविवारची हौस असलेले काम त्या मुलासाठी बालपणाचा मोबदला होते. म्हणून स्वतः दुरुस्ती करण्याविषयी लिहिताना ‘स्वतः’ हा शब्द जपून वापरला पाहिजे. हेन्स, म्यूर आणि पिरसिग यांचा ‘स्वतः’ हा गाडीचा मालक आहे. आपल्याकडे दुरुस्तीचा इतिहास मुख्यतः दुसऱ्याची गाडी दुरुस्त करणाऱ्यांचा आहे.

साहित्याच्या वर्गात ‘ब्रिकोलाज’ ही संज्ञा आपण सर्वांनी ऐकलेली असते. लेव्ही-स्ट्रॉसने १९६२ च्या आपल्या ग्रंथात हाताशी असेल त्यावर भागवणारा ब्रिकोलर आणि योजनेप्रमाणे काम करणारा इंजिनिअर असा भेद केला. १९६६ च्या व्याख्यानात देरिदाने तो भेदच प्रश्नांकित केला. फ्रेंचमध्ये घरी खिळे ठोकणाऱ्या, नळ दुरुस्त करणाऱ्या साध्या माणसालाही हाच शब्द आहे. आपल्याकडे येईपर्यंत त्याच्या हाताचा काळेपणा पार धुतला गेला. अलीकडे ‘जुगाड’ या शब्दाचेही तेच झाले. २०१२ मध्ये ‘जुगाड इनोव्हेशन’ हे इंग्रजी पुस्तक आल्यावर तो व्यवस्थापनाच्या वर्गांत प्रतिष्ठित झाला. चाचांना हे दोन्ही शब्द लागू पडत नाहीत. तुटलेल्या रबराच्या जागी तारेने नळी बांधलेली गाडी त्यांच्याकडे आली की ते चिडतात. तार लवत नाही, हादरा थेट वर जातो, आणि काही दिवसांत पुढच्या जोडाला तडा जातो, हे त्यांना पाठ आहे. तार ही घरापर्यंत पोहोचण्यापुरती. तिला ते दुरुस्ती म्हणत नाहीत. तात्पुरते आणि खरे यांतला हा भेद हे त्यांचे टीकाशास्त्र आहे. ते ‘जुगाड’ या एका शब्दात गुंडाळणे म्हणजे त्यांना जे कळते त्याकडेच दुर्लक्ष करणे होय.

पद्मिनीचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले. टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षांच्या मर्यादेमुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवर पद्मिनी टॅक्सी उरली नाही. त्या वेळी वर्तमानपत्रांत हळवे लेख आले आणि निदान एक टॅक्सी तरी जतन करावी अशी मागणी टॅक्सीचालकांच्या संघटनेने केली होती. मागणी योग्यच होती. पण गाडी काचेमागे ठेवता येते. ती चालू ठेवणाऱ्यांना जे येत होते ते काचेमागे ठेवता येत नाही. ते नोंदवावे लागते, आणि नोंदवण्यासाठी ऐकावे लागते. इंग्रजीतही हा काळ सरतो आहे. हेन्सने २०२० च्या अखेरीस छापील स्वरूपात नव्या मॅन्युअली काढणे थांबवत असल्याचे जाहीर केले. आपल्या केंद्र सरकारने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली आणि त्याच वर्षाअखेर त्यासाठी संकेतस्थळही सुरू केले. हक्काची भाषा आली हे चांगले झाले. परंतु दुरुस्ती करता येणारा माणूस आणि त्याचे शब्द उरले नाहीत, तर त्या हक्काचे करायचे काय हा प्रश्न राहतोच.

साहित्याच्या विद्यार्थ्याला याच्याशी काय कर्तव्य, त्याचे माझे उत्तर इथे येते. मौखिक परंपरा कशी ऐकावी, कशी टिपावी, बोलणाऱ्याचा शब्द न बदलता ती कागदावर कशी आणावी, हे आपण शिकलेलो आहोत. ओव्या, भारुडे, लोककथा यांच्या बाबतीत मराठी अभ्यासकांनी हे काम निष्ठेने केले. ‘माउंटिंग बसलंय’ या दोन शब्दांमागे जे निदान आहे, तेही त्याच निष्ठेने टिपण्याजोगे आहे. आपल्या महाविद्यालयाबाहेरच्या रस्त्यावर असे गॅरेज बहुधा असते, आणि तिथला सर्वांत म्हातारा माणूस अजून कामावर असण्याची शक्यता दर वर्षी कमी होत जाते.

चाचांनी त्या दिवशी इंजिनाची बैठक बदलली. मागचे रबर त्यांनी मलाच बसवायला लावले. स्वतः स्टुलावर बसून चहा घेत पाहत राहिले आणि मी साबणाचे पाणी मागितले तेव्हा मुलाला हाक मारून त्यांनी ते आणवले. पुढच्या वेळी येईन तेव्हा वही घेऊन येईन, असे मी त्यांना सांगितले. “वही कशाला? गाडी आणा,” ते म्हणाले. मी दोन्ही नेतो. वहीची आतापर्यंत अकरा पाने भरली आहेत, आणि रबर अजून शाबूत आहे.